फ्रीजचा गॅस भरण्याआधी थांबा, दोष छोट्याशा सेन्सरचा असू शकतो. घरच्या घरी अशी करा तपासणी

वर्धा : मे महिना लागला की जिल्ह्यात दोन तक्रारी घरोघरी ऐकू येतात. एक, कूलर हवा फेकते पण गारवा नाही. दुसरी, "फ्रीज चालूच हाये, पण पाणी थंड नाही होऊन राह्यलं." वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं आपल्याला नवीन नाही. अशा दिवसांत फ्रीज बिघडला की घरातली बाई, दुकानातला दूधवाला आणि घरात कोणाला साखर असेल तर तो पेशंट, तिघांचीही झोप उडते. मग घाईघाईत मेकॅनिकला फोन जातो आणि बहुतेक वेळा पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "गॅस गेला असंन."

कधी कधी गॅस खरंच गेलेला असतो. पण अनेकदा दोष असतो तो बोराच्या बीएवढ्या एका सेन्सरचा. तो कसा ओळखायचा, घरी किती तपासता येतं आणि कुठे थांबून जाणकाराला बोलवायचं, हे या लेखात सांगतो.

आमच्याच घरचा अनुभव

देवळी तालुक्यातल्या आमच्या घरी दोन दारांचा फ्रीज आहे. आईला इन्सुलिन लागतं, त्यामुळे फ्रीजचा मधला कप्पा तिच्या औषधाचा. एक दिवस सांबार काढायला गेलो तर जुडी कडक झालेली. काकडीत बर्फ. आम्ही हसलो, म्हटलं यंदा फ्रीज जोरात आहे. सेटिंग कमी केलं. दोन-चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आणि मग आईनं इन्सुलिनची नवी बाटली हातात घेतली आणि म्हणाली, "पाय बरं, यात बर्फ झाला काय रे?"

झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वापरायचं नाही, फेकून द्या. फ्रीजमधल्या दोन्ही बाटल्या गेल्या. त्याआधीच्या आठवड्यात आईची साखर काही न खाता का वाढत होती, याचाही अंदाज तेव्हा आला.

पहिल्या मेकॅनिकनं सांगितलं, "गॅस जास्त झाला, काढून पुन्हा भरावा लागंन." आम्ही पैसे मोजले. आठ दिवसांनी काकडी पुन्हा गोठली. चार वर्षं सीलबंद असलेल्या फ्रीजमध्ये गॅस आपोआप वाढणार कुठून, हा साधा प्रश्न आम्हाला तेव्हा सुचला नाही. दुसरा पोरगा आला, त्यानं मल्टीमीटर काढला, आईकडे एक वाटी बर्फाचं पाणी मागितलं आणि दहा मिनिटांत दोष दाखवला. सेन्सर बदलला, फ्रीज ठीक झाला. गॅसचं बिल त्या सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

सेन्सर म्हणजे नेमकं काय?

आजच्या बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये तापमान मोजायला थर्मिस्टर नावाचा छोटा भाग असतो. विजेला होणारा त्याचा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, तापमानाप्रमाणे बदलतो. थंडी वाढली की अडथळा वाढतो, गरमी वाढली की कमी होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात हा गुण नोंदवला होता. आज तोच गुणधर्म आपल्या स्वयंपाकघरात काम करतो आहे.

हा अडथळा ओहममध्ये मोजतात. फ्रीजचं कंट्रोल बोर्ड सेन्सरचा आकडा वाचतं आणि त्यावरून ठरवतं की आत किती थंड आहे. थंडी पुरेशी वाटली की कंप्रेसर बंद, कमी वाटली की चालू. बोर्डाला स्वतःला काही कळत नाही, सेन्सर सांगेल ते त्याच्यासाठी खरं.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये साधारण तीन ठिकाणी असे सेन्सर असू शकतात. एक खालच्या कप्प्यात, मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर जाळीदार प्लास्टिकच्या झाकणाआड. दुसरा वर फ्रीजरमध्ये. तिसरा फ्रीजरच्या मागच्या पत्र्याआड, थंड कॉइलला चिकटवलेला. तो डिफ्रॉस्टचा. मॉडेलप्रमाणे जागा आणि संख्या बदलते.

सेन्सर चुकला तर काय होतं?

तो दोन दिशांनी चुकू शकतो.

पहिली दिशा, जास्त थंडी. सेन्सरच्या आवरणात ओल शिरली की अडथळा असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो. बोर्डाला वाटतं, आत अजून गरम आहे. कंप्रेसर चालतच राहतो. भाजी गोठते, बाटलीत बर्फ होतो, वीजबिल वाढतं. आमच्या घरी हेच झालं.

दुसरी दिशा, कमी थंडी. सेन्सरच्या कनेक्टरवर गंज चढला किंवा वायर अर्धवट तुटली की अडथळा वाढतो. बोर्डाला वाटतं, आत भरपूर थंड आहे. कंप्रेसर लवकर बंद होतो. दूध नासतं, पाणी कोमट राहतं.

हे बिघाड आपल्याकडे व्हायला कारणंही आपल्याकडचीच. उन्हाळाभर त्याच खोलीत कूलर चालतो, हवेत ओल असते, दार दर पाच मिनिटांनी उघडतं. पावसाळ्यात दमटपणा. आणि फ्रीजच्या मागे ऊब शोधत येणारे उंदीर वायर कुरतडतात ते वेगळं.

एरर कोड नाही, म्हणजे सेन्सर चांगला असं नाही

अनेक डिजिटल फ्रीजवर सेन्सर बिघडला की कोड येतो. पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला असतो, तो आधी बघावा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बोर्ड साधारणपणे दोनच गोष्टी ओळखतं, वायर पूर्ण तुटली आहे की दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सेन्सर चार-पाच अंशांनी चुकीचं सांगत असेल तर बोर्डाला ते खोटं वाटत नाही, कारण आकडा शक्य असलेल्या मर्यादेतच असतो. कोड येत नाही आणि माल मात्र खराब होतो. असा बिघाड सर्वात जास्त दिवस लपून राहतो.

आणखी एक गैरसमज. दारावर "४" दिसतं म्हणजे आत चार अंश आहेत, असं अनेकांना वाटतं. बऱ्याच मॉडेलमध्ये तो आकडा तुम्ही ठेवलेल्या सेटिंगचा असतो, आतल्या खऱ्या तापमानाचा नसतो.

सेन्सरवर संशय घेण्याआधी या पाच गोष्टी पाहा

१) खरं तापमान मोजा. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. ताप बघायचा चालत नाही, त्याचा आकडा साधारण ३२ ते ३५ अंशांपासूनच सुरू होतो. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवा, थर्मामीटर त्यात बुडवा आणि रात्रभर दार न उघडता सकाळी पाहा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं पटकन बदलत नाही, म्हणून ग्लास. खालच्या कप्प्यात २ ते ५ अंश ठीक. फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास.

२) दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून गारवा बाहेर जातो आहे. चारही बाजूंनी करून पाहा. रबरात अडकलेलं पीठ, साखर कोमट पाण्यानं पुसूनही अनेकदा काम होतं.

३) जागा आणि धूळ. फ्रीज टिनाच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून असेल तर त्याची उष्णता बाहेर जाणार कुठे? मागे हातभर मोकळी जागा ठेवा. मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशनं धूळ झाडा.

४) हवेची वाट. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंड हवा वरून खाली छिद्रांमधून येते. त्या छिद्रांसमोर भगोणं किंवा भाजीची पिशवी ठेवली तर खाली गारवा येणारच नाही. सेन्सरच्या जाळीसमोर गरम वरणाचा गंज ठेवला तर सेन्सर बिचारा गरमच सांगणार. तो बिघाड नव्हे.

५) व्होल्टेज. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची अपेक्षित आहे. शेतीपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतं, हे आपल्याला माहीत आहे. दर काही मिनिटांनी मागून "टक्" आवाज येऊन कंप्रेसर सुरू होत नसेल तर आधी व्होल्टेज पाहा, नंतर कंप्रेसर आणि त्याचा रिले.

आणि उन्हाळ्यापुरती एक खास गोष्ट. फ्रीजच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत "क्लायमेट क्लास" लिहिलेला असतो. "एन" म्हणजे खोलीचं तापमान ३२ अंशांपर्यंत, "एसटी" म्हणजे ३८ पर्यंत आणि "टी" म्हणजे ४३ पर्यंत असताना नीट चालेल, अशी त्याची रचना. खोलीतच ४३ च्या वर पारा गेला तर चांगला "टी" क्लासचा फ्रीजही धापा टाकतो. दुपारी कंप्रेसर थांबत नसेल आणि रात्री, पहाटे नीट थांबत असेल तर तो बहुधा उन्हाचा परिणाम आहे. पहाटेही थांबत नसेल तर बिघाड शोधा.

बर्फाच्या पाण्याची चाचणी

आता मुख्य काम. ही चाचणी तुम्ही स्वतः करू शकता किंवा मेकॅनिकला समोर करायला सांगू शकता. फ्रीज वॉरंटीत असेल तर मात्र काहीच उघडू नका, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रालाच बोलवा.

लागतं काय? एक डिजिटल मल्टीमीटर, एक वाटी, बर्फ, थोडं पाणी.

पायरी १. प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा मिनिटं थांबा. मागच्या कंट्रोल बोर्डाच्या डब्याला हात लावायचा नाही, त्यात प्लग काढल्यावरही काही वेळ वीज साठलेली असू शकते.

पायरी २. खालच्या कप्प्यातलं सेन्सरचं जाळीदार झाकण हळूच काढा. आत दोन वायरींच्या टोकाला बहुधा पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बसवलेला सेन्सर दिसेल. त्याचा कनेक्टर सोडवा. सेन्सर सहज दिसत नसेल, मोठं पॅनल उघडावं लागत असेल, तर इथेच थांबा. पुढचं काम मेकॅनिकचं.

पायरी ३. मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि २०० के ची रेंज निवडा. इथे बरेच जण फसतात. २० के च्या रेंजवर थंड सेन्सर मोजला की डावीकडे नुसता "१" दिसतो आणि माणूस म्हणतो, सेन्सर गेला! सेन्सर गेलेला नसतो, आकडा रेंजच्या बाहेर गेलेला असतो.

पायरी ४. सेन्सर खोलीच्या हवेत दहा मिनिटं राहू द्या, मग दोन्ही टोकांना पिना लावून आकडा लिहून घ्या. पिनांच्या धातूला बोटं लावू नका. ओले हात असले तर शरीरातून वाट मिळून आकडा चुकतो.

पायरी ५. वाटीत कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून ढवळा. बर्फ तरंगत असेपर्यंत हे पाणी शून्य अंशांजवळ राहतं. मीठ टाकू नका, मिठानं ते शून्याच्या खाली जातं. सेन्सर पातळ पिशवीत घालून फक्त टोक पाण्यात बुडवा, कनेक्टर कोरडा ठेवा. वायर पुरत नसेल तर बर्फाच्या पाण्याची छोटी पिशवी सेन्सरला चिकटवून धरा. पाच मिनिटांनी आकडा लिहा.

आकडे कसे वाचायचे?

अनेक उपकरणांत २५ अंशांना १० किलो-ओहम असणारा सेन्सर असतो. त्याचे साधारण आकडे असे :

० अंश : ३२ ते ३४ किलो-ओहम
१० अंश : २० च्या आसपास
२५ अंश : १०
३० अंश : ८
४० अंश : ५ ते साडेपाच

पण सगळ्या कंपन्यांचा सेन्सर सारखा नसतो. काहींचा २५ अंशांना ५ किलो-ओहमचा असतो, काहींचा त्याहून वेगळा. तुमच्या मॉडेलचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, मेकॅनिककडे तो असायला हवा. तक्ता नसेल तर पटीचा हिशेब करा. खोली २५ अंशांची असेल तर बर्फाच्या पाण्यात आकडा सुमारे तिप्पट व्हायला हवा. मे महिन्यातली ४० अंशांची खोली असेल तर पाच ते सहा पट. पट जुळली तर सेन्सर बहुधा चांगला. आकडा हललाच नाही, अगदी शून्य आला, की कधीच आला नाही, तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली.

आकडा थोडा चुकला तर? इथे एक सोपं गणित उपयोगी पडतं. सेन्सरचा अडथळा दर अंशाला साधारण चार ते पाच टक्क्यांनी बदलतो. म्हणजे आकडा २० टक्के चुकला तर तापमान चार-पाच अंशांनी चुकलं. आमच्या फ्रीजचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात ३३ च्या ऐवजी २५-२६ दाखवत होता. दहा किलो-ओहमच्या सेन्सरचा हा आकडा ५ अंशांचा. आत खरोखर शून्य असताना तो बोर्डाला "पाच अंश आहेत" म्हणून सांगत होता. आम्ही ४ वर सेटिंग ठेवलं की आत शून्याच्याही खाली जायचं. काकडी गोठणारच, इन्सुलिनही गोठणारच.

शेवटची पायरी. सेन्सर बाहेर काढून कोरडा करा, मुठीत धरा आणि आकड्याकडे पाहत राहा. तो एकसारखा, हळूहळू सरकला पाहिजे. मधेच उड्या मारत असेल तर आतला जोड सैल आहे. वायर थोडी वाकवून, हलवूनही पाहा. एक गंमत सांगून ठेवतो. खोली ४० अंशांची असेल तर मुठीत आकडा कमी होण्याऐवजी थोडा वाढेल, कारण आपला हात तेव्हा हवेपेक्षा थंड असतो. घाबरू नका.

वर बर्फ, खाली गरम : डिफ्रॉस्टचा सेन्सर

एक तक्रार फार येते. फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पण खाली दूध नासतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये मागच्या कॉइलवर साचलेला बर्फ वितळवायला ठराविक तासांनी एक हीटर लागतो. कॉइल किती थंड आहे हे डिफ्रॉस्टचा सेन्सर सांगतो. तो चुकला की हीटर लागत नाही किंवा लवकर बंद होतो. बर्फ साचत जातो, हवेची वाट बुजते आणि खालचा कप्पा गरम राहतो.

घरगुती परीक्षा अशी. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून खाली जुनी फडकी अंथरा. २४ तासांनी पुन्हा सुरू करा. काही दिवस ते दोन आठवडे छान चाललं आणि मग पुन्हा तेच झालं, तर दोष डिफ्रॉस्टच्या भागात आहे. सेन्सर, हीटर किंवा फ्यूज यांपैकी एक. हे तपासायला मागचं पॅनल उघडावं लागतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

बर्फ चाकूनं किंवा पेचकसानं खरवडू नका. कॉइलला छिद्र पडलं तर गॅस जातो आणि दुरुस्ती मोठी होते. शिवाय हल्लीच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आर६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. तो पेट घेणारा वायू आहे.

एका दाराचा साधा फ्रीज असेल तर?

गावात आजही बटण दाबून बर्फ वितळवायचे एका दाराचे फ्रीज भरपूर आहेत. त्यांतल्या जुन्या मॉडेलमध्ये थर्मिस्टर नसतो, थर्मोस्टॅट असतो. फिरवायच्या नॉबच्या मागून एक बारीक नळी निघते, तिच्यात वायू भरलेला असतो आणि तिचं टोक बर्फाच्या कप्प्याला क्लिपनं बसवलेलं असतं. थंडीनं वायूचा दाब कमी होतो आणि स्विच बंद पडतो. हे टोक जागेवरून निसटलं तर थंडी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि कंप्रेसर थांबत नाही. आधी तेवढंच पाहा. नळी मुडपली किंवा चिरली तर आतला वायू निघून जातो, मग फ्रीज सुरूच होत नाही. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलावा लागतो. वायर जोडून "डायरेक्ट" करण्याचा उपाय कोणी सुचवला तर नको म्हणा, कंप्रेसर रात्रंदिवस चालत राहील.

गॅस की सेन्सर, ढोबळ ओळख

गॅस कमी असेल तर कंप्रेसर चालत राहतो पण थंडी होत नाही. बाहेरच्या बाजूच्या भिंती किंवा मागची जाळी, जी एरवी गरम लागते, ती गरम होत नाही. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ दिसतो, बाकी कोरडं.

सेन्सरचा दोष असेल तर फ्रीजला थंड करता येतं, पण कुठे थांबायचं ते कळत नाही. एक तर गोठवतो, नाहीतर लवकर बंद पडतो. बाजू गरम होतात. कंप्रेसर चालू असेपर्यंत थंडी नीट बनते.

एक गोष्ट पक्की. फ्रीज जास्त थंड करतो, सगळं गोठवतो, यावर "गॅस भरा" हे उत्तर होऊच शकत नाही. आणि गॅस खरंच कमी असेल तर तो कुठून तरी गळाला आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

मेकॅनिकला हे विचारा

आपल्याकडे चांगले कारागीर आहेत, उन्हातान्हात गावोगाव फिरून काम करतात. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, पण प्रश्न विचारायला लाजायचंही नाही. "भाऊ, सेन्सर मोजून दाखवता का? आकडा किती आला? किती यायला पाहिजे?" खरा जाणकार या प्रश्नानं खूशच होतो. गॅस म्हणत असेल तर, "गळती कुठे आहे ते दाखवा." बदललेला जुना भाग परत मागा. बिल घ्या, त्यावर भागाचं नाव, किंमत आणि वॉरंटी लिहून घ्या.

फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच आहे, तिच्यातली कसूर जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेता येते. पण त्यासाठी हातात बिल हवं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टलही सुरू केलं आहे, त्यात सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

आरोग्य केंद्राकडून शिकण्यासारखं

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ठेवायचा फ्रीज तुम्ही पाहिला असेल. त्यात तापमान २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. यंत्रात स्वतःची व्यवस्था असली तरी आत वेगळा थर्मामीटर असतो आणि दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहायचा नियम आहे. कारण काही लसी गरमीनं खराब होतात तशा काही गोठल्यानंही निकामी होतात आणि बाहेरून पाहून ते कळेलच असं नाही.

न उघडलेलं इन्सुलिनही २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं. मग ज्या घरात इन्सुलिन आहे, त्या घराच्या फ्रीजमध्ये साधा थर्मामीटर का नसावा? बाटली मागच्या भिंतीला आणि फ्रीजरच्या खाली चिकटवून ठेवू नका. फ्रीज बंद पडला तर ती डबीत घालून, ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवता येते, पण किती दिवस चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच. गोठलेली बाटली मात्र वापरायची नाही, कितीही महागाची असली तरी.

आमच्या फ्रीजमध्ये आता पाण्याचा एक ग्लास कायम असतो, त्यात थर्मामीटर. आई रोज सकाळी इन्सुलिन घेण्याआधी आकडा पाहते आणि कॅलेंडरवर तारखेखाली लिहिते. आठच्या वर किंवा दोनच्या खाली गेला की मला हाक मारते. तुमच्याही घरी हे आजपासून सुरू करता येईल. त्यासाठी फ्रीज बिघडण्याची वाट पाहू नका.